बगदाद रेल्वे आणि उजनीकाठची माणसे

मे महिन्यात उजनीचे पाणी उतरले की डिकसळच्या जुन्या पुलाचे दगडी खांब खालपर्यंत उघडे पडतात. पुलाच्या अलीकडे इंदापूर तालुका, पलीकडे करमाळा तालुक्यातले कोंढार चिंचोली. म्हणजे अर्धा पूल पुणे जिल्ह्याचा आणि अर्धा सोलापूरचा. तो बांधला गेला आगगाडीसाठी. धरण झाले तेव्हा रेल्वेमार्ग वळवला गेला आणि पूल मोटारसायकली, जीप आणि उसाच्या गाड्यांना मिळाला. अलीकडे त्याचा काही भाग ढासळल्याच्या बातम्याही येऊन गेल्या.

आमचे जुने गाव याच पाण्याखाली आहे. अब्बा दर उन्हाळ्यात एकदा तरी काठावर येतात. पाण्याकडे बोट करून ते नेहमी एकच सांगतात, "इथंच पोमलवाडी स्टेशन होतं. बडे दादा इथून गाडीत बसले आणि बसऱ्याला गेले."

बडे दादा म्हणजे अब्बांचे आजोबा, माझे पणजोबा. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीत शिपाई होते. घरात त्यांच्याविषयी तीनच गोष्टी सांगितल्या जात. ते बसऱ्याला गेले. त्यांनी घोड्याचे मांस खाल्ले नाही. आणि दादी दखनीत म्हणायची तसे, "बडे दादा दो साल रासलैनपे थे." आम्हा मुलांना वाटायचे, रासलैन म्हणजे रेल्वे लाईनचाच काहीतरी प्रकार. कुर्डुवाडीला नॅरोगेज लाईन होती, तशी ही रास लाईन. या शब्दाने मला पुढे बरेच वाचायला लावले. त्या वाचनातून जे हाती लागले ते इथे मांडतो आहे.

सुरुवात डिकसळपासूनच करावी लागेल. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची गाडी पुण्याहून डिकसळला पोहोचली ती १५ डिसेंबर १८५८ रोजी. पुढे भीमा आडवी होती. नदी ओलांडून बार्शी रोडपर्यंतचा, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंतचा मार्ग खुला व्हायला २३ ऑक्टोबर १८५९ उजाडले. मधले दहा महिने डिकसळ हे या लोहमार्गाचे शेवटचे टोक होते. माल उतरवा, नदी पार करा, बैलगाडीत भरा. गंमत अशी की त्या वेळी बोरघाटही पूर्ण झालेला नव्हता. तो १८६३ मध्ये झाला. म्हणजे डिकसळला धावणारी गाडी मुंबईपासून तुटलेली होती. घाटाच्या पायथ्याशी माल उतरवायचा, घाटमाथ्यावर पुन्हा चढवायचा. तरीही पुढचे रूळ टाकण्याचे काम थांबले नाही. १८६० च्या जूनमध्ये गाडी सोलापुरात पोहोचली.

याच सुमारास लंडनमध्ये दुसऱ्या एका रेल्वेचे नकाशे पसरले जात होते. विल्यम पॅट्रिक अँड्र्यू हा सिंध रेल्वे कंपनीचा अध्यक्ष. कराची बंदर हे त्याचे स्वप्नही होते आणि धंदाही. त्याचे म्हणणे असे : भूमध्य समुद्राच्या काठावर, अंताक्याजवळ रेल्वे सुरू करावी, ती फरात नदीच्या खोऱ्यातून इराणच्या आखातापर्यंत न्यावी, तिथून आगबोटीने माल आणि माणसे कराचीला आणावीत. मग पुढे हिंदुस्थानातली रेल्वे आहेच. त्या काळी युरोपातला माल आफ्रिकेला वळसा घालून यायचा आणि त्यात महिने जायचे. घाईची टपाल आणि उतारू इजिप्तमार्गे येत, तिथेही बोट सोडून खुष्कीचा प्रवास आणि पुन्हा बोट. फरातचा रस्ता याहून जवळचा, असा अँड्र्यूचा हिशेब होता. त्याच्या आधी कर्नल चेस्नीने १८३५ ते १८३७ या काळात दोन आगबोटी घेऊन फरात नदी पाहून ठेवली होती. त्यातली एक वादळात बुडाली. तोच चेस्नी १८५६ मध्ये रेल्वेच्या पाहणीसाठी पुन्हा तुर्कस्तानात गेला.

मग डिकसळची रेल्वे झाली आणि फरातची का झाली नाही? डोंगर, वाळवंट, टोळ्या अशी कारणे दिली जातात. मला ती दुय्यम वाटतात. खरा मुद्दा हमीचा होता. जीआयपी कंपनीला सरकारने भांडवलावर ५ टक्के परताव्याची हमी दिली होती. नफा कमी पडला तर फरक हिंदुस्थानच्या महसुलातून भरायचा. करमाळ्याचा कुळवाडी जो शेतसारा भरत होता, त्यातूनच लंडनच्या भागधारकाला व्याज पोचत होते. कुळवाड्याला हे कुणी विचारले नव्हते, सांगितलेही नव्हते. फरातच्या रेल्वेला तुर्की सुलतानाने हमी देऊ केली होती, पण लंडनच्या सावकारांचा तिच्यावर भरवसा नव्हता. त्यांना ब्रिटिश सरकारची हमी हवी होती. १८५७ मध्ये पंतप्रधान पामर्स्टनने ती नाकारली. उत्तर हिंदुस्थानात बंड पेटलेले, फौजा लवकर पोचवण्याची निकड होती, तरीही नाकारली. ज्याच्या खजिन्यावर हुकूम चालतो त्याच्याच जमिनीवर रेल्वे बांधायची, असा तो साधा व्यवहार होता.

पुढे अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. १८६१ ते १८६५ या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. बार्शी ही कापसाची मोठी पेठ. तिथले गठ्ठे बैलगाडीने बार्शी रोडला आणि तिथून रेल्वेने मुंबईला जाऊ लागले. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला आणि मुंबईहून युरोपला जाणारा माल बोट न बदलता जाऊ लागला. फरातच्या योजनेचा कणाच मोडला. १८७१-७२ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या एका समितीने ती पुन्हा तपासली, एक कोटी पौंडांचा अंदाज काढला. अहवाल झाला, रेल्वे झाली नाही.

तीस वर्षांनी तीच रेल्वे जर्मनांच्या हाती गेली. इस्तंबूलसमोरच्या किनाऱ्यावरून निघालेला लोहमार्ग १८९६ मध्ये कोन्याला पोचला होता. १९०३ च्या करारानुसार तो पुढे बगदाद आणि आखातापर्यंत न्यायचे ठरले. बर्लिन-बगदाद रेल्वे म्हणून जी प्रसिद्ध आहे ती हीच. इथेही हमी होती, पण दर किलोमीटरमागे. ती भरायची कशातून? अनातोलियाच्या शेतकऱ्यांकडून वसूल होणाऱ्या उश्रातून, म्हणजे पिकाच्या दशांशातून. करमाळ्याचा कुळवाडी आणि कोन्याचा शेतकरी यांनी एकमेकांचे नावही ऐकले नसेल, पण दोघांच्या खळ्यावरून एकाच पद्धतीने दाणे उचलले जात होते.

इंग्रजांना ही रेल्वे नको होती. जर्मन माल आणि उद्या जर्मन फौज आखातात उतरेल, ही धास्ती. त्यांनी १८९९ मध्येच कुवेतच्या शेख मुबारकशी गुपचूप करार करून रेल्वेच्या संभाव्य शेवटच्या बंदरावर हात ठेवला होता.

याच वर्षांत हिंदुस्थानच्या मुसलमानांच्या मनात मात्र दुसरी रेल्वे धावत होती. सुलतान अब्दुल हमीद यांनी १९०० मध्ये दमास्कस ते मदिना अशा हिजाज रेल्वेची घोषणा केली. यात परकीय कर्ज घ्यायचे नाही, जगभरच्या मुसलमानांनी चंदा द्यायचा. लाहोरचे पत्रकार मुहम्मद इन्शाउल्लाह यांनी तिच्यासाठी लेखणी झिजवली. हैदराबादेत मुल्ला अब्दुल कय्यूम यांनी चंदा गोळा केला. आमचे आजोळ परांड्याकडचे, म्हणजे तेव्हाच्या निजामी मुलखातले. तिथे जुनी माणसे 'मदिनेकी रेल' म्हणत. घरातल्या एका बाईने त्या चंद्यात चांदीची पैंजणे दिली होती, एवढे ऐकून आहे. गाडी १९०८ मध्ये मदिनेला पोचली. त्या बाईने तोवर परांड्यापलीकडचा मुलूख पाहिला नसावा.

मला ही पैंजणे फार महत्त्वाची वाटतात. उश्र आणि शेतसारा न विचारता काढून घेतला गेला. ही पैंजणे मागून घेतली गेली आणि मनापासून दिली गेली. पण पैसा राजीखुशीचा असला तरी काम फौजेनेच केले. तुर्की शिपाई रूळ टाकत होते. आणि हाजींसाठी म्हणून बांधलेल्या त्या रेल्वेचा फौजा हलवायलाही उपयोग होणार, हे सुलतान जाणून होते. चंदा देणाऱ्यांपर्यंत ही बाजू पोचली नाही.

मग १९१४ आले. नोव्हेंबरमध्ये इस्तंबूलहून जिहादचा फतवा निघाला आणि त्याच महिन्यात हिंदुस्थानी फौज बसऱ्याकडे उतरली. सहावी पुणे डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. या पलटणींत मराठ्यांच्या कंपन्यांबरोबर दखनी मुसलमानांच्याही कंपन्या असत. भीमाकाठच्या गावांतून मराठे आणि मुसलमान पोरे एकाच डब्यात बसून मुंबईच्या धक्क्यावर गेली. ज्या खलिफाच्या रेल्वेला घरच्या बायांनी दागिने दिले, त्याच्याच फौजेवर बंदूक रोखायला. बडे दादांना याविषयी काय वाटत होते, ते घरात कुणी सांगितले नाही. पगार दरमहा येत होता, हे सांगितले.

डिव्हिजन बगदादच्या जवळपास पोचली, मागे रेटली गेली आणि डिसेंबर १९१५ पासून कूत-अल-अमारा या दिजला नदीकाठच्या गावात अडकली. १४७ दिवस वेढा. धान्य संपले तसे घोडे कापले जाऊ लागले. हिंदू आणि मुसलमान शिपाई ते मांस खाईनात, म्हणून जनरल टाउनशेंडने हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून परवानगीचे संदेश मागवले. तरी अनेकांनी शेवटपर्यंत हात लावला नाही. घरातली ती दुसरी गोष्ट मला या पुस्तकांत अशी सापडली. २९ एप्रिल १९१६ रोजी तेरा हजारांच्या आसपास माणसे शरण आली, त्यांत बहुसंख्य हिंदुस्थानी होते.

त्यांचे पुढे काय झाले हे समजायला बगदाद रेल्वेचा तेव्हाचा नकाशा पाहावा लागतो. ती एकसलग नव्हती. बगदादकडून सामर्रापर्यंतचा तुकडा झाला होता. पश्चिमेकडून येणारे रूळ उत्तर सीरियातल्या एका वाळवंटी गावाशी थांबले होते. मधले शेकडो मैल रिकामे. तिकडे तॉरस आणि अमानुस डोंगरांतले बोगदेही अपुरे होते. युरोपातून निघालेला तोफगोळा बगदादला पोचायचा तर वाटेत तो किती वेळा उतरवायचा आणि चढवायचा! कूतच्या कैद्यांना सामर्रापर्यंत गाडीने नेले आणि त्यापुढे पायी. भर उन्हाळ्यात, अंगात हगवण, पायात चिंध्या. नकाशावर जी रेल्वे नव्हती, ती त्यांनी पायांनी चालून काढली. मग ज्या गावाशी रूळ थांबले होते तिथे त्यांना पुढचे रूळ टाकायला लावले. गोऱ्या शिपायांतले बरेच जण डोंगरातल्या बोगद्यांवर गेले. हिंदुस्थानी कैद्यांचा मोठा जथा त्या वाळवंटी गावात राहिला.

त्या गावाचे नाव रास-अल-ऐन.

हा नकाशा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा रात्र बरीच झाली होती. ते नाव मी तीनदा मोठ्याने वाचले. रास-अल-ऐन. रासलैन. दादीचा शब्द. ती लाईन नव्हतीच, ते गाव होते. अरबीत अर्थ झऱ्याचे मुख. पण आम्ही मुलांनी समजून घेतलेले अगदीच चूक होते असेही नाही.

तुर्कांनी मुस्लिम कैद्यांना वेगळे काढून आपल्या बाजूला वळवण्याचे प्रयत्न केले. मुस्लिम अधिकाऱ्यांना बरी वागणूकही मिळाली. साध्या शिपायाला त्याचा फारसा उपयोग झालेला दिसत नाही. निदान बडे दादा रूळच उचलत होते. आणखी एक गोष्ट मुसलमान लेखक म्हणून टाळून पुढे जाणे मला बरोबर वाटत नाही. याच लोहमार्गावर आमच्या माणसांच्या आधी आर्मेनियन मजूर राबत होते, आणि याच रास-अल-ऐनच्या परिसरात १९१६ मध्ये हजारो आर्मेनियन निर्वासित मारले गेले. आमची माणसे तिथे पोचली ती त्यांच्या मागोमाग. सिसिर सर्वाधिकारी या बंगाली तरुणाने, जो कूतमध्ये रुग्णसेवा पथकात होता आणि पुढे रास-अल-ऐनला कैदेत राहिला, हे सारे 'अभि ले बगदाद' या बंगाली पुस्तकात लिहून ठेवले आहे. आमच्या घरात लिहिणारे कुणी नव्हते. एक शब्द राहिला, तोही झिजलेला.

युद्ध संपेपर्यंत ती रेल्वे पुरी झाली नाही. ज्यांच्यासाठी ती घाई होती ते हरले. इस्तंबूल ते बगदाद अशी सलग गाडी १९४० मध्ये धावली, म्हणजे करारानंतर ३७ वर्षांनी. आणि तरीही माल थेट बसऱ्याला जाईना! कारण बगदाद-बसरा हा मार्ग इंग्रजांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास घाईने टाकला होता, हिंदुस्थानातून नेलेल्या सामानातून, हिंदुस्थानातल्या मीटरगेजवर. युरोपकडून येणारे रूळ १,४३५ मिलिमीटरचे, हे १,००० मिलिमीटरचे. बगदादच्या मालधक्क्यावर एका वाघिणीतून काढून दुसरीत भरा. बसऱ्यापर्यंत रुंद रूळ यायला १९६० चे दशक लागले.

कुर्डुवाडीच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. बार्शी लाईट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली ती अडीच फूट रुंदीच्या रुळांवर. पंढरपूर, लातूर आणि शेवटी मिरजेपर्यंत गेली. तिचा माल कुर्डुवाडीला मोठ्या गाडीत भरावा लागे. कितीतरी हमाल कुटुंबे त्या दोन रुळांच्या फरकावर जगली. ब्रॉडगेज झाले तेव्हा सर्वांनी पेढे वाटले, हमालांनी वाटले नसावेत. आंतरराष्ट्रीय रेल्वेच्या परिषदांमध्ये जे विषय वर्षानुवर्षे चघळले जातात ते शेवटी हेच आहेत. भारत-पाकिस्तानचे रूळ १,६७६ मिलिमीटर, इराण-तुर्कस्तानचे १,४३५, रशिया आणि मध्य आशियाचे १,५२०. प्रत्येक सांध्यावर एक कुर्डुवाडी उभी आहे.

आणि नकाशे तर अजून निघतातच. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने १९६० च्या दशकात सिंगापूर ते इस्तंबूल अशा आशियाई रेल्वेचा विचार सुरू झाला. २००० च्या सप्टेंबरमध्ये भारत, इराण आणि रशिया यांनी मुंबईपासून इराणमार्गे रशियापर्यंतच्या मालवाहतुकीचा करार केला. त्यातला रश्त ते अस्तारा हा १६२ किलोमीटरचा तुकडा बांधण्यासाठी रशिया आणि इराणने मे २०२३ मध्ये करार केला, म्हणजे मूळ कराराला २३ वर्षे होत आली तेव्हा. ९ सप्टेंबर २०२३ रोजी दिल्लीत जी-२० परिषदेच्या वेळी भारत-मध्यपूर्व-युरोप कॉरिडॉर जाहीर झाला : भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून बोटीने अमिरातीत, तिथून रेल्वेने सौदी अरेबिया आणि जॉर्डनमार्गे हैफा बंदर, पुढे पुन्हा बोटीने युरोप. हैफाला हिजाज रेल्वेची शाखा १९०५ मध्येच पोचली होती. म्हणजे पैंजणांच्या चंद्यातून ज्या रेल्वेला पैसा गेला, तिच्याच एका टोकाशी नवी रेल्वे न्यायची आहे. दिल्लीच्या घोषणेला महिना होण्याआधी गाझाचे युद्ध सुरू झाले.

उजनीकाठी या सगळ्याचा संबंध आता केळ्यांशी आहे. धरण १९८० मध्ये पुरे झाले. ११७ टीएमसी पाणी साठवणारा हा जलाशय. त्याच्या पोटात आमचे घर, मशीद, चावडी आणि पोमलवाडीचे स्टेशन गेले. रेल्वेने आपला मार्ग वेळेत हलवून घेतला, ते योग्यच झाले. गाडी एक दिवस थांबली असती तर मुंबईपर्यंत बोंब गेली असती. माणसांच्या बाबतीत तशी घाई नव्हती. आमच्या बदलीच्या जमिनीचा कागद अब्बांच्या हाती पडला तेव्हा त्यांच्या दाढीत पांढरे केस आले होते. पण ज्यांच्या जमिनी काठावर उरल्या, त्यांना पाणी मिळाले. आधी ऊस आला, मग केळी. कंदर परिसरातली केळी आज इराण आणि आखाती देशांत जातात. बागेतच घड उतरवून, धुऊन, खोक्यांत भरून, थंड कंटेनरमधून न्हावा शेवा बंदराकडे.

गेल्या उन्हाळ्यात काठावरून परतताना आम्ही एका पाहुण्याच्या बागेत थांबलो. कंटेनर भरणे चालू होते. अब्बांनी ड्रायव्हरला विचारले, "माल कुठं चाललाय?"

"बंदर अब्बास, चाचा. इराण."

अब्बा जरा विचारात पडले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "म्हणजे रासलैनवरून जाणार?"

मी म्हटले, नाही, न्हावा शेव्याहून बोटीने जाणार, रासलैन तिथून फार दूर राहते. त्यांनी मान डोलावली आणि भरून होईपर्यंत खोकी मोजत उभे राहिले.